पेटाऱ्यात उरलेलं

शुभदा रेडीज लॅबमधून निवृत्त झाली त्या दिवशीच्या फोटोत तिचा नवरा दिगंबर मागच्या रांगेत, डाव्या टोकाला, हातात मिटलेली छत्री घेऊन उभा होता. आता बायकोच्या निरोप समारंभाला नवरा आला यात नवल ते काय? नवल एवढंच, की दिगंबर जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

शुभदाने टॅब जवळ धरला, लांब धरला, चष्मा पदराने पुसला. फोटो तोच. गेल्या वर्षभरात तिने तो कितीतरी जणांना दाखवला होता. त्या टोकाला लॅबमधली लाल प्लास्टिकची रिकामी खुर्ची होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आता खुर्ची नव्हती, तिथे दिगंबर होता. अंगावर काटा आला तो मात्र त्याच्या केसांमुळे. तो गेला तेव्हा जेमतेम कानशिलांवर पांढरं दिसू लागलं होतं. फोटोतल्या माणसाचे केस पुढूनही पिकले होते. मधल्या दोन वर्षांत पिकले असते तेवढे.

तीसेक वर्षं लोकांच्या दंडात सुया खुपसलेली बाई ती, भुताखेतांना घाबरणारी नव्हे. पण त्या दिवशी तिने भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले आणि मग परकारभाईंना फोन केला.

"भाई, पेटाऱ्याला काहीतरी झालंय."

"वाजतोय का?"

"वाजत होता. मी आवाज बंद केला."

"कधी?"

"पावसाळ्याच्या आधी."

पलीकडून फरीद परकार म्हणाले, "वहिनी, दिवाळी आली. मी येतो."

पेटारा म्हणजे काय ते सांगायला हवं. एकवीस सालच्या पुरात चिपळुणातल्या कितीतरी घरांसारखं रेडीजांचंही जोत्यापासून कपाटांपर्यंत सगळं पाण्याखाली गेलं. गाद्या गेल्या, फ्रिज गेला, त्याचं दिगंबरला काही वाटलं नाही. पण लग्नाचा आल्बम उघडला तर पानंच्या पानं लगदा होऊन एकमेकांना चिकटलेली. वीज मंडळात इंजिनिअर असलेला हा गडी अंगणात चिखलात बसून रडला होता. तेव्हाच त्याने ठरवलं, आता घरातलं काही पाण्याच्या हाती लागू द्यायचं नाही. मित्राला, म्हणजे परकारांना, हाताशी धरून त्याने घराच्या माळ्यावर स्वतःचा साठवण-सर्व्हर उभा केला. मीटरच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत चार डिस्क, एक छोटा संगणक आणि मागे पंखा. घरातल्या माणसांच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ, बोललेले निरोप, सगळं आपोआप त्यात जाऊन पडायचं. टाइप करायचा दिगंबरला मनस्वी कंटाळा. मीठ संपलंय हेही तो बोलून पाठवायचा, आणि ते मीठसुद्धा पेटाऱ्यात जमा व्हायचं.

परकारभाई आले, गुडघे धरत शिडी चढले, आणि पत्र्याचं झाकण काढल्याबरोबर त्यांनी "या अल्ला" असं हळूच म्हटलं. आतून भट्टीसारखी धग आली. मागच्या पंख्याच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पंखा जागच्या जागी अडकलेला.

"हा कधीपासून असा आहे?"

"मला काय ठाऊक? मी झाकण कधी उघडलंच नाही."

"चारातल्या दोन डिस्क मेल्यात. तिसरी टकटक करतेय, ऐका." खरंच करत होती. "पहिली मेली तेव्हाच पेटारा बंद करून मला हाक मारायची, वहिनी. बंद केल्याशिवाय यातली डिस्क बदलता येत नाही, दिगूने बनवलाय तसाच. पण चालू ठेवला की उरलेल्यांवर भार येतो, त्यात ही उष्णता. बंद का नाही केलात?"

शुभदा सांगणार तरी काय? दहाव्याच्या दिवशी वाशिष्ठीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, तास झाला. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली उतरायचं नाव नाही. मग जसं करतात तसं एकेकजण पुढे होऊन कबूल करू लागला. लेक केतकी म्हणाली, बाबा, वर्षाच्या आत लग्न करीन. धाकटा दीर मुकुंद म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी शुभदा हात जोडून मनातल्या मनात म्हणाली, तुमचा पेटारा मी कधी बंद पडू देणार नाही. आणि कावळा झपकन आला.

तेव्हापासून वीज गेली तर आधी इन्व्हर्टर बघायचा, मग देवापुढचा दिवा. पेटारा केकाटू लागला तेव्हा तिने आवाजाचं बटण दाबलं, पण मुख्य बटणाला बोट लावलं नाही. शब्द दिला होता.

"भाई, डिस्क मेल्या तर मेल्या. पण फोटोत हे कुठून आले?"

परकार लाकडी खोक्यावर बसले. "तीन डब्यांत तांदूळ आहे समजा, आणि चौथ्यात नुसती चिठ्ठी, तिन्ही डब्यांचं मिळून वजन किती. एक डबा उंदराने पळवला तरी वजाबाकी करून कळतं त्यात किती होतं. चार डिस्कचं असंच असतं, फक्त चिठ्ठी एका जागी नसते, चौघींत वाटलेली असते. पण दोन डबे गेले की वजाबाकी संपली. तिथून पुढे अंदाज."

"अंदाज कोण करतं?"

"पूरक."

पूरक हा दीडेक वर्षापूर्वी अशा सगळ्या घरगुती सर्व्हरांत सॉफ्टवेअरच्या कंपनीने धाडलेला नवा कार्यक्रम होता. त्यांनी विचारलं नाही, आपण पाहिलं नाही, तो आपला येऊन बसला. काम सोपं. घरातले सगळे फोटो, आवाज, चालणं-बोलणं तो रिकाम्या वेळी शिकत राहतो. एखादी फाइल फाटली की फाटलेल्या जागी तिथे बहुधा काय असेल ते तयार करून बसवतो. सहसा ते आभाळाचा तुकडा असतं, भिंत असते, कोणाला पत्ताही लागत नाही. पण शुभदाच्या प्रत्येक समारंभाच्या फोटोत डाव्या टोकाला दिगंबर असायचाच, छत्री घेऊन. फाटलं ते नेमकं डावं टोक.

"माणूस नवं फार थोडं बोलतो, वहिनी. आपण सगळे तेच ते दळत असतो. दिगूने तर दहाबारा वर्षांचं बोलणं यात भरून ठेवलंय. पूरकाला तो आता तुमच्या-माझ्याइतका पाठ आहे."

"भरलेलं कुठलं आणि खरं कुठलं, कळतं का?"

परकारांनी टॅबवर काहीतरी दाबलं. फोटोतल्या दिगंबरभोवती बारीक निळी रेघ उमटली. "अजून कळतं. पण ही तिसरी डिस्क जायच्या आत सगळं नव्यावर घ्यायला हवं, आणि घेताना दोनच वाटा. एक, पूरकासह पक्कं करायचं. मग नवी बेरीज भरलेल्याला धरूनच मांडली जाते. त्यानंतर खरं काय नि भरलेलं काय, पेटाऱ्यालाही सांगता येणार नाही. दुसरी, खरं तेवढंच ठेवायचं. भोकं पडतील, खूप पडतील. उद्या सकाळी नव्या डिस्क घेऊन येतो, तोवर ठरवा."

ठरवायला तिला वेळच मिळाला नाही, कारण संध्याकाळी बंगळूरहून केतकीचा फोन आला. रडत होती आणि हसतही होती. "आई, माझ्या लग्नाचा व्हिडिओ उघडून बघ. बाबा आहेत गं त्यात. कन्यादान बाबा करतायत."

शुभदाने पाहिलं. दिगंबर पाटावर बसला होता, सोवळं नेसून. ओंजळीवर पाणी सोडताना त्याचा अंगठा थरथरत होता, अगदी त्याचा थरथरायचा तसा. मग तिच्या ध्यानात आलं.

"केतकी, मुकुंदकाका कुठेत?"

"काका? असतील मागे कुठेतरी."

"मागे कसे असतील? कन्यादान त्यांनी केलं. सकाळपासून उपाशी होता तो माणूस."

"आई, काकांना काय फरक पडणारे? मला बाबा हवे होते. तुला नको आहेत का? उद्या सगळं पक्कं करून टाक, प्लीज. ती डिस्क गेली तर दुसऱ्यांदा जातील बाबा."

शुभदाने फोन ठेवला. तुला नको आहेत का, म्हणे. लेकीला काय सांगायचं? पेटाऱ्यात दिगंबरचा एक निरोप होता, तो तिने तीन वर्षांत उघडला नव्हता.

तो गेला त्या दिवशी सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. त्याचं रक्त तिनेच काढलं होतं, तिनेच तपासलं होतं, आकडे वाईट होते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हा म्हणे, गुहागरचं काम संपू दे. तिसऱ्यांदा हेच ऐकल्यावर ती भडकली आणि म्हणाली, "करा काय करायचं ते. मेलात तरी मला सांगायला येऊ नका." त्याने माळ्यावर जाऊन पेटाऱ्याशी जरा खुडबुड केली आणि तो चहा न घेता निघून गेला. दुपारी गुहागरला जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी छातीत कळ येऊन गेला. फोन त्या गडबडीत कुठे पडला तो मिळाला नाही, पण त्याआधी त्याने एक निरोप बोलून ठेवला होता. तो तिच्या फोनवर धाडायचा राहिला, पण पेटाऱ्यात आपोआप पोचला होता. वर नाव होतं शुभदाचं.

रागाने काही बोलला असला तर ते शेवटचं म्हणून जन्मभर ऐकावं लागणार, या भीतीने तिने तो तसाच ठेवला. न उघडलेला होता तोवर त्यात क्षमाही होती आणि रागही होता. आता उद्या काय ते पक्कं होणार होतं. तिने देवाचं नाव घेतलं आणि निरोपावर बोट ठेवलं.

"शुभा, ऐक. सकाळचं मनावर घेऊ नकोस. तू माझ्या भल्यासाठीच बोललीस, मला कळत नाही का? उद्या तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ. आणि रागावू नकोस हां."

शुभदा ढसाढसा रडली. तीन वर्षांचं सगळं त्यात वाहून गेलं. डोळे पुसून तिने पुन्हा ऐकायला म्हणून लावला.

"शुभा, ऐक. चुकलं माझं. तू इतकी जीव तोडून सांगतेस आणि मी आपला..."

तिने टॅब मांडीवरून खाली ठेवला. आवाज त्याचाच होता, अडखळणंही त्याचंच. शब्द दुसरे होते. तिसऱ्यांदा लावला तर दिगंबर म्हणाला, तुझ्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. आता हे मात्र दिगंबर सात जन्मांत म्हणाला नसता. तिने निळ्या रेघेचं बटण दाबलं. सुरुवातीचं "शुभा, ऐक" आणि शेवटचं "हां" सोडलं तर निरोपाची सगळी पट्टी निळी होती.

सकाळी परकारभाई आले तेव्हा ती तिथेच बसली होती, डोळे सुजलेले. तिने विचारलं, "दर वेळी वेगळं का बोलतो?"

"पक्कं केलेलं नाही ना अजून. दर वेळी नव्याने अंदाज बांधतो. तुम्ही पुन्हा लावलात म्हणजे तुम्हाला आणखी काहीतरी हवं होतं, असं तो धरतो."

"म्हणजे मी ऐकत राहिले तर मला हवं ते बोलेपर्यंत तो बोलत राहील."

"हो. आणि जे आवडेल त्यावर पक्कं करा म्हटलंत की तेच दिगूचे शेवटचे शब्द." परकारांनी नजर खाली वळवली. "तुम्हाला म्हणून सांगतो वहिनी, माझी बायको गेली तेव्हा हे असतं तर मी केलं असतं."

शुभदाने त्यांना सांगितलं नाही, पण तिला तसा एक सापडलाही होता. पहाटे पहाटे कधीतरी दिगंबर म्हणाला होता, "जेवून घे, माझी वाट बघू नकोस." इतका हुबेहूब तो, इतका साधा, की निळी रेघ नसती तर तिने शपथेवर सांगितलं असतं की हाच. बोट बटणावर नेऊन तिने दोनदा मागे घेतलं होतं.

बोट मागे का घेतलं, याचं कारण लॅबमध्ये होतं. एकदा नव्या मुलीच्या हातून एका म्हाताऱ्याच्या रक्ताची नळी फुटली. ती घाबरली, आणि म्हाताऱ्याचे मागचे रिपोर्ट बघून त्यावरून नवा आकडा लिहून मोकळी झाली. आकडा अगदी शोभेसा होता. शुभदाने सही केली नाही. नमुना सांडला तर पेशंटला परत बोलवायचं, आकडा भरायचा नाही, हे तिने त्या मुलीला चारचौघांत सुनावलं होतं. इथे पेशंटला परत बोलवायची सोय नव्हती. पण म्हणून आकडा भरायचा का?

तिने केतकीला फोन केला. "तुझ्या लग्नाचा व्हिडिओ तुझ्याकडे उतरवून घेतलायस ना?"

"कालच घेतला."

"असू दे तो तुझ्याकडे. इथला मी खरा तेवढाच ठेवतेय."

"आई, असं नको करू. बाबांना तू स्वतःच्या हाताने पुसणार?"

"बाबांना नाही पुसत. मुकुंदकाकांना परत आणतेय."

"तू फार कठोर आहेस," केतकी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. शुभदाला ते लागलं. सकाळी भांडून निघालेल्या माणसाची आठवण झाली आणि तिने लगेच परत फोन लावला. केतकीने उचलला नाही.

"करा भाई," ती म्हणाली. "खरं तेवढंच."

परकारांनी नवी डिस्क बाहेरून जोडली आणि काम चालू केलं. दुपारपर्यंत ते चाललं. तिसरी डिस्क टकटक करत होती, पण मेली नाही. फोटो एकेक करून उतरत होते, कुणाला कान नाही, कुणाला अर्धं अंग नाही, कुठे नुसता करडा चौकोन. निरोप समारंभाच्या फोटोत डावं टोक उडालं, खुर्चीसकट. लग्नाच्या व्हिडिओत अर्धा मांडव गेला, पण ओंजळीवर पाणी सोडणारा मुकुंदचा हात आला, मनगटावरच्या जुन्या डागासकट. शुभदाने तो भाग केतकीला पाठवून दिला.

मग निरोप आला. परकार म्हणाले, "यात काही जास्तीचंही निघेल कदाचित. तुकडा फार बारीक असला की पूरक त्याला खरखर समजतो आणि वरून सारवून टाकतो. आता सारवण निघालंय." आणि उठू लागले. शुभदाने त्यांना हाताने बसा म्हणून खुणावलं. एकटीने ऐकायचं बळ तिच्यात नव्हतं.

"शुभा, ऐक."

मग काहीच नाही. श्वासही नाही.

"...पंखा अडकलाय..."

पुन्हा लांब गप्प.

"...वर नुसता तापतोय. मी येईस्तोवर पेटारा बंद..."

गप्प.

"...ठेव हां."

परकारांची नजर खोक्यावर काढून ठेवलेल्या त्या मातीच्या घराकडे गेली. मग ते शिडी उतरून खाली गेले.

म्हणजे दिगंबर त्या सकाळी माळ्यावर चढला तेव्हा त्याला हे दिसलं होतं. भांडून, चहा न घेता निघालेला माणूस गुहागरला पोचून पंख्याची काळजी करत होता, आणि ती काळजी बायकोला सांगत होता. मनातून क्षमा केली होती की नाही, ते त्या गप्प जागांत असेल. नसेलही. त्या दिवशीच तिने निरोप ऐकला असता, तर पेटारा बंद केला असता. डिस्क वाचल्या असत्या, लग्नात कुणाच्या जागी कुणी बसलं नसतं, आणि हा निरोपही धड राहिला असता. तो म्हणाला होता बंद ठेव. ती नदीवर कबूल करून आली होती की बंद पडू देणार नाही. आणि कावळा त्यावर शिवला होता. कावळ्याला काय कळतं, ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला त्या कावळ्याचा मनापासून राग आला.

फोन वाजला. केतकीचा मेसेज होता, तिला पाठवलेल्या मुकुंदकाकांच्या हाताच्या व्हिडिओखाली. "खरंच उपाशी होते का गं ते?"

उत्तर नंतर द्यायचं ठरवून तिने फोन बाजूला ठेवला. आधी एक जुनं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तिने पत्र्याच्या पेटीत हात घातला. मुख्य बटण गरम होतं. ती ते दाबून धरून राहिली, आणि तिसऱ्या डिस्कची टकटक मंद होत होत थांबली. वर्षानुवर्षं माळ्यावरून घरभर येणारी ती घरघर नाहीशी झाली.

"केला हो बंद," शुभदा म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत तिथेच बसून राहिली.